मत्स्यबीजाचा दर्जा मादीच्या खाद्यात ठरतो

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात मत्स्यशेतीवर अलीकडे आलेली लेखमाला मी पहिल्या भागापासून शेवटपर्यंत वाचली. तळ्याची आखणी, पाण्यात विरघळलेला प्राणवायू, रोग आणि त्यांवरचे उपाय, विक्रीची व्यवस्था अशा बहुतेक बाजूंचा तीत चांगला परामर्श घेतलेला आहे. बीजाविषयी मात्र ते खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावे एवढाच सल्ला देऊन लेखमाला पुढे गेली. चांगले बीज कशाने चांगले होते, हा प्रश्न तिथे कोणी विचारला नाही, म्हणून हे पत्र. मी गेली २१ वर्षे मत्स्यबीज केंद्रात काम करते. इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे : अंड्याचा दर्जा बऱ्याच अंशी अंडी येण्याच्या आधीच्या महिन्यांत मादीने काय खाल्ले यावर ठरतो, आणि नेमक्या त्याच महिन्यांत आपण तिला तळ्यातल्या इतर माशांचेच साधे वाढीचे खाद्य टाकत असतो.

नुकतेच बाहेर पडलेले पिल्लू ज्यांनी भिंगाखाली पाहिले असेल त्यांना हे सहज पटेल. मत्स्यजिरे म्हणतात ते हेच. पोटाखाली पीतकाची, म्हणजे अंड्यातील बलकाची, पिशवी घेऊन ते पाण्यात आडवेतिडवे लोंबकळत असते. त्याचे तोंड अजून उघडलेले नसते, आतडे पुरे झालेले नसते, डोळ्यांत रंग भरायचा असतो. रोहू-कटल्यासारख्या उबदार गोड्या पाण्यातील माशांत ही अवस्था साधारण तीन दिवस टिकते; थंड पाण्यातील ट्राउट आणि सामन माशांत ती कित्येक आठवडे चालते. या काळात मेंदू, दृष्टिपटल, पाठीचा कणा, हृदय हे सगळे त्या एका पिशवीतील मालावर उभे राहते. सस्तन प्राण्याची आई गर्भाला अखेरच्या दिवसापर्यंत काही ना काही पुरवीत असते. माशाच्या मादीने मात्र एकदा शिदोरी बांधून दिली की तिला त्यात नंतर चिमूटभरही भर घालता येत नाही. एखादे जीवनसत्त्व कमी पडले असेल तर ते कमीच राहते, आणि त्याची किंमत ते पिल्लू कधी तिसऱ्या दिवशी, कधी दहाव्या दिवशी आणि कधी वाकड्या कण्याच्या रूपाने जन्मभर मोजते.

ही शिदोरी कशी बांधली जाते ते थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. प्रजननाचा मोसम जवळ येऊ लागला की मादीच्या अंडाशयातून इस्ट्राडिऑल हे संप्रेरक रक्तात उतरते आणि यकृताला कामाला लावते. यकृत व्हायटेलोजेनिन नावाचे एक मोठे प्रथिन तयार करू लागते, ज्याला मेद, फॉस्फरस, कॅल्शियम चिकटलेले असतात. हे प्रथिन रक्तातून अंडाशयाकडे जाते, वाढत्या अंडपेशी ते आपल्या पृष्ठभागावरच्या ग्राहकांच्या (ते नेमके पकडणाऱ्या रेणूंच्या) साहाय्याने आत ओढून घेतात, त्याचे तुकडे करतात आणि पीतक म्हणून साठवतात. जीवनसत्त्वे, रंगद्रव्ये, सूक्ष्म खनिजे, इतर मेद याच काळात आत येतात. याचा अर्थ असा की अंड्यातील प्रत्येक कण आधी मादीच्या रक्तात असावा लागतो, आणि त्याही आधी तिच्या खाद्यात किंवा तिच्या शरीरातील साठ्यात. ज्या वस्तू मादीचे शरीर स्वतः घडवू शकत नाही, त्या खाद्यात नसतील तर अंड्यात कुठून येणार?

इथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. १९५७ साली हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प, म्हणजे रोहू-कटल्याच्या कुळातील, माशांचे बंदिस्त पाण्यात प्रजनन घडवून आणले, आणि नदीतून बीज गोळा करण्यावरचे अवलंबन संपण्याचा मार्ग खुला झाला. त्या कामाचे मोल फार मोठे आहे. परंतु तेव्हापासून इंजेक्शन दिले की अंडी मिळतात अशी सवय आपल्या हाताला लागली, आणि अंडी मिळाली म्हणजे काम झाले अशी सवय मनाला. संप्रेरकाचे इंजेक्शन अंड्याची शेवटची पक्वता घडवते आणि अंडी अंडाशयातून मोकळी करते. त्या क्षणापर्यंत पीतक भरण्याचे काम आटोपलेले असते. कोठाराचे दार इंजेक्शनाने उघडते. कोठारात धान्य किती आणि कसे आहे, हे ठरून गेलेले असते. तरीही बीज खराब निघाले की आमच्याकडे पहिली शंका इंजेक्शनाच्या मात्रेवर, दुसरी पाण्यावर आणि तिसरी हवेवर घेतली जाते. मादीच्या खाद्याची पोती कोणी उघडून पाहत नाही.

कोठार भरायला किती काळ लागतो हे जातीनुसार फार बदलते, आणि खाद्य कधी बदलायचे हे त्यावरच अवलंबून आहे. भूमध्य समुद्रातील गिल्टहेड सी-ब्रीम हा मासा एका मोसमात वारंवार अंडी घालतो, मोसमभरात स्वतःच्या वजनाइतकी किंवा त्याहूनही अधिक. त्याच्या अंडपेशी थोड्या आठवड्यांत भरतात, त्यामुळे खाद्य बदलल्यावर साधारण तीन आठवड्यांत त्याचा परिणाम अंड्यांत दिसू लागतो. याउलट ट्राउट आणि सामन वर्षातून एकदा, किंवा आयुष्यात एकदाच, अंडी घालतात आणि पीतक कित्येक महिने साठवत राहतात. अटलांटिक सामन नदीत वर चढू लागला की खाणेच थांबवतो. पुढची सगळी गाभोळी तो समुद्रात खाल्लेल्या अन्नावर पोसतो. अशा माशाला मोसमाच्या तोंडावर उत्तम खाद्य देणे म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट काढणे होय. कार्प माशांतही अंडाशय भरण्याचे बरेचसे काम मोसमाच्या आधीच्या महिन्यांत होते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत पुष्कळ ठिकाणी प्रजनक माशांकडे, म्हणजे बीजासाठी राखलेल्या नर-माद्यांकडे, कोणाचे लक्ष नसते, कारण त्या वेळी विकायला काही नसते.

खाद्यातील घटकांपैकी सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे तो मेदाम्लांचा, आणि माझ्या मते सर्वांत जास्त फरकही तिथेच पडतो. डीएचए, ईपीए आणि अॅराकिडोनिक आम्ल ही तीन लांब साखळीची मेदाम्ले इथे निर्णायक आहेत. डीएचए मेंदूच्या आणि दृष्टिपटलाच्या पेशींच्या पटलांत बसते. ज्या पिल्लाच्या डोळ्यांत ते कमी पडले त्याला अंधुक उजेडात भक्ष्य नीट दिसत नाही, आणि ज्या पिल्लाला पहिला घास पकडता येत नाही ते पीतक संपताच उपाशी मरते. अॅराकिडोनिक आम्लापासून शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचे संप्रेरकासारखे द्रव्य बनवते, ज्याची गरज अंडे अंडाशयातून सुटण्यासाठी आणि मीलनाच्या वेळच्या वर्तनासाठी असते. ईपीएपासूनही तसलीच द्रव्ये बनतात, पण ती दुबळी असतात, आणि दोन्ही आम्ले एकाच विकरासाठी (एन्झाइमसाठी) झगडतात. म्हणून खाद्यात नुसते मासळीचे तेल ओतून भागत नाही. त्यातील आम्लांचे एकमेकांशी प्रमाण पाहावे लागते. निसर्गात वाढलेल्या समुद्री माशांच्या अंड्यांत डीएचए हे ईपीएच्या साधारण दुप्पट आढळते, ही गोष्ट खाद्य बनवणाऱ्यांनी डोळ्यांसमोर ठेवण्यासारखी आहे.

गोड्या पाण्यातील बहुतेक माशांना वनस्पतितेलांतील आखूड साखळीच्या मेदाम्लांपासून ही लांब साखळीची आम्ले काही प्रमाणात घडवता येतात. समुद्री माशांत ही क्षमता फारच तोकडी असते. यावरून गोड्या पाण्यातील माशांना काहीही चालते असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो चुकीचा आहे. घडवायला मुळात कच्चा माल तर हवा. शेंगदाणा किंवा सूर्यफूल यांच्या पेंडीत डीएचए आणि ईपीए ज्यापासून घडतात ते ओमेगा-३ मालिकेचे मेदाम्ल जवळजवळ नसते; धान्याच्या कोंड्यातही ते नाममात्र असते. ज्या तळ्यात प्लवंगांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची, चांगली वाढ आहे तिथे मासा ही उणीव पाण्यातूनच भरून काढतो. पण दाटीने ठेवलेल्या, स्वच्छ पाण्याच्या टाकीतल्या, केवळ पेंड-कोंड्यावर पोसलेल्या मादीला ती भरून काढायला जागाच राहत नाही.

जास्त दिले म्हणजे जास्त चांगले, असेही नाही. सी-ब्रीमवरील प्रयोगांत प्रजनक खाद्यातील ओमेगा-३ मालिकेची लांब साखळीची मेदाम्ले खाद्याच्या सुमारे १.६ टक्क्यांपर्यंत वाढवली तेव्हा अंड्यांचा दर्जा सुधारला. ती ३ टक्क्यांच्या वर नेली तेव्हा अंडी घटली आणि पिल्लांच्या पीतकपिशव्या विचित्र फुगून ती मरू लागली. पुढे असे दिसले की खाद्यातील ई जीवनसत्त्व वाढवले की हा फुगण्याचा दोष टळतो. कारण उघड आहे. ही मेदाम्ले जितकी गुणकारी तितकीच नाजूक असतात. हवेतील प्राणवायूने ती लगेच खराब होतात, आणि त्यांना राखणारे ई जीवनसत्त्व सोबत नसेल तर औषधाचेच विष होते.

ई जीवनसत्त्वाचा जन्मच प्रजननाच्या प्रश्नातून झालेला आहे. १९२२ साली हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना असे आढळले की विशिष्ट आहारावरच्या उंदरांच्या माद्यांना गर्भ राहतो पण तो टिकत नाही, आणि आहारातील एक अज्ञात घटक दिल्यास टिकतो. त्याचे टोकोफेरॉल हे नावदेखील अपत्यजन्माच्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले. माशांत याचा माग जपानी संशोधकांनी १९७० च्या दशकात कार्पवर काढला : ई जीवनसत्त्व नसलेल्या खाद्यावरच्या माद्यांची अंडाशये नीट वाढली नाहीत.

मला हे पुस्तकातून कळण्याआधी नाकाने कळले. काही वर्षांपूर्वीच्या एका मोसमात आमच्या केंद्रावर माद्यांनी नेहमीइतकीच अंडी दिली, फलनही ठीक झाले, पिल्ले बाहेरही आली. तिसऱ्या दिवशी सकाळी टाकीच्या तळाशी पिल्लांचा पांढुरका थर बसलेला दिसला. जी जिवंत होती ती तिरकी पोहत होती. आम्ही पाण्याचा सामू तपासला, अमोनिया तपासला, प्राणवायू तपासला. सगळे जागेवर होते. दुसरी खेप, तिसरी खेप, तेच. तेव्हा आमच्याकडचे सर्वांत जुने कामगार काका कोठीत गेले, प्रजनक माशांच्या खाद्याच्या पोत्यात हात घालून मूठभर कांड्या बाहेर काढल्या, तळहातावर चुरडल्या आणि माझ्या नाकाशी धरल्या. ठेवणीतल्या जुन्या तेलाचा खवट वास होता तो. ती पोती आदल्या वर्षीची उरलेली होती, पत्र्याच्या छपराखाली अख्खा उन्हाळा काढलेली, आणि त्यांवर बनवल्याची तारीख छापलेली नव्हती. ज्यांनी ती पुरवली त्यांच्याइतकाच दोष ती न हुंगता वापरणाऱ्या आमचाही होता. पुढच्या मोसमाआधी चार महिने आम्ही खाद्य बदलले, ताजे आणि थोडेथोडे मागवू लागलो, आणि तो पांढरा थर पुन्हा दिसला नाही. एका केंद्राच्या एका अनुभवावरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मी जाणते. पण खवट तेल ई जीवनसत्त्वाचा फडशा पाडते हे रसायनशास्त्र जुने आणि निर्विवाद आहे. त्या दिवसापासून पोते उघडले की वास घेतल्याशिवाय मी ते पुढे जाऊ देत नाही.

आईचे अन्न पिल्लाला कसे मारू शकते याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मला सामन माशांत दिसते. बाल्टिक समुद्रातील सामनांच्या पिल्लांत १९७४ साली एक विचित्र मरतूक दिसली, जिला पुढे एम-७४ हे नाव पडले. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ती फारच बळावली. उत्तर अमेरिकेच्या विशाल सरोवरांतही तसेच घडत होते. रोगजंतू सापडेना. पिल्ले गरगर फिरत, तोल घालवत आणि पीतक संपण्याच्या सुमारास मरत. १९९० च्या दशकाच्या मध्यावर उलगडा झाला की त्यांच्यात थायमिनची, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची, कमतरता आहे. विशाल सरोवरांतील माद्या प्रामुख्याने एलवाइफ नावाचा लहान मासा खात होत्या, ज्याच्या शरीरात थायमिनेज हे थायमिन नष्ट करणारे विकर भरपूर असते. माद्या पोटभर खात होत्या आणि त्यांच्या अंड्यांत थायमिन पोहोचत नव्हते. २०२० च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यातील हॅचऱ्यांत चिनूक सामनची पिल्ले मळसूत्रासारखी गोल फिरताना दिसली, आणि त्याचे धागेदोरे समुद्रात माद्यांनी मुख्यतः अँकोव्ही मासे खाल्ल्यापर्यंत पोहोचले. या सगळ्यात मला सर्वांत बोलकी वाटते ती उपायाची गोष्ट : थायमिनच्या सौम्य द्रावणात ठेवलेली पिल्ले काही तासांत सरळ पोहू लागतात. इतकी लहान वस्तू, आणि ती आईच्या पोटातून आली नाही म्हणून जीव जातो. जे मत्स्यपालक प्रजनक माशांना कच्ची स्वस्त मासळी घालतात त्यांनी ही हकिगत विसरू नये, कारण थायमिनेज पुष्कळ जातींच्या कच्च्या मासळीत असते. उष्णतेने ते निकामी होते. कच्च्या मासळीबरोबर रोगजंतूही येतात, हा धोका वेगळाच.

क जीवनसत्त्व बहुतेक माशांना स्वतः बनवता येत नाही. भ्रूणाच्या उती जोडणारे कोलॅजेन त्यावाचून नीट घडत नाही, आणि त्याच्या अभावी वाकडे कणे दिसतात. रेनबो ट्राउटच्या मादीला वाढत्या लहान माशाच्या कित्येक पट क जीवनसत्त्व लागते, हे प्रयोगांनी दाखवलेले आहे. साधे अॅस्कॉर्बिक आम्ल खाद्य बनवतानाच्या उष्णतेत आणि नंतर साठवणीत झपाट्याने नष्ट होते, म्हणून त्याचे फॉस्फेटशी जोडलेले टिकाऊ रूप वापरणे श्रेयस्कर. पोत्यावर मिसळताना घातलेला आकडा छापलेला असतो. मादीच्या तोंडी पडताना उरलेला आकडा कुठेच छापलेला नसतो.

नराचा विचार तर आपण करतच नाही. शुक्रपेशीचे पटलही त्याच नाजूक मेदाम्लांचे बनलेले असते आणि शुक्रद्रवातील क जीवनसत्त्व त्याचे रक्षण करते. क जीवनसत्त्व कमी मिळालेल्या ट्राउट नरांत शुक्रपेशींची संख्या आणि त्यांची हालचाल दोन्ही घटतात. अंडी फलित झाली नाहीत की आपण मादीला बोल लावतो; अर्धा दोष नराच्या खाद्याचा असू शकतो.

खाद्याचे एकूण प्रमाण हा त्याहून जुना आणि साधा विषय आहे, तरी तिथेही चुका होतात. उपाशी ट्राउट मादी अंड्यांची संख्या कमी करते. भरू लागलेल्या काही अंडपेशी तिचे शरीर परत शोषून घेते आणि उरलेल्यांचा आकार शक्यतो राखते. निसर्गाने तिला दिलेला हा शहाणपणा आहे : थोडी पण सशक्त. आपण तळ्याकाठी नेमके उलटे मोजतो, आकडा मोठा असला की समाधान मानतो. दुसऱ्या टोकाला, कोंड्यावर आणि पिष्टमय खाद्यावर फुगवलेल्या माद्यांच्या पोटात चरबी साठते. बाहेरून त्या गाभोळीने भरल्यासारख्या दिसतात, आणि इंजेक्शन दिल्यावर अंडी सुटत नाहीत. तिलापियाची गोष्ट आणखी निराळी. नाइल तिलापियाची मादी फलित अंडी तोंडात धरते आणि पिल्ले मोकळी होईपर्यंत, साधारण दहा ते चौदा दिवस, जवळजवळ काही खात नाही. त्यानंतर ती पुन्हा किती लवकर अंडी घालेल, हे मधल्या काळात तिची झीज किती चांगली भरून निघाली यावर अवलंबून असते, आणि तिथे ३५ ते ४० टक्के प्रथिनांचे खाद्य उपयोगी पडते. उपास सोडणाऱ्या मादीला पुन्हा कोंडाच घालणाऱ्याने अंड्यांच्या दोन खेपांमधले अंतर वाढले म्हणून तक्रार करू नये.

अंड्यांचा रंग पाहून दर्जा ठरवण्याची पद्धत मला पटत नाही. सामनच्या अंड्यांचा नारिंगी रंग अॅस्टाझँथिनमुळे येतो, हे द्रव्य मासा बनवू शकत नाही, ते खाद्यातूनच येते आणि पक्वतेच्या काळात मांसातून अंडाशयात सरकते. काही समुद्री जातींत ते वाढवल्याने अंडी सुधारल्याच्या नोंदी आहेत. सामन-ट्राउटमध्ये मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. गडद अंडे म्हणजे सशक्त अंडे, असे म्हणायला त्यामुळे आधार नाही. पहिल्या काही तासांत पेशींचे विभाजन दोन, चार, आठ असे सारख्या आकाराचे होते आहे का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले बरे. सशक्त अंड्यात त्या पेशी एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतात. दुबळ्या अंड्यात एक मोठी, एक चेपलेली, एक कडेला सरकलेली असते, आणि असे अंडे बाहेरून काचेसारखे नितळ दिसत असले तरी पुढे टिकत नाही.

आता वनस्पतिजन्य खाद्याकडे वळते, कारण जगभरचे मत्स्यखाद्य तिकडे झुकले आहे. समुद्रातून मिळणारी बारीक मासळी मर्यादित आहे, आणि सगळ्या मत्स्यशेतीचा भार तिच्यावर टाकणे योग्यही नाही. त्यामुळे सोयाबीन, सरकी, मोहरी यांच्या पेंडीचा वापर वाढणे मला चुकीचे वाटत नाही. वाढीसाठी चालणारे खाद्य प्रजननासाठीही चालेल, हे गृहीत धरणे मात्र चुकीचे वाटते. सोयाबीनमधील जेनिस्टिनसारखी द्रव्ये इस्ट्रोजेनच्या, म्हणजे इस्ट्राडिऑल ज्या गटात मोडते त्या मादी-संप्रेरकांच्या, ग्राहकांवर जाऊन बसतात. सायबेरियन स्टर्जन माशांत सोयायुक्त खाद्याने रक्तातील व्हायटेलोजेनिन वाढल्याचे आढळलेले आहे. सरकीच्या पेंडीतील गॉसिपॉल प्राण्यांच्या नरांची प्रजननक्षमता घटवते, हे जुने ज्ञान आहे. ओलसर पेंडीवर वाढणाऱ्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन तर थेट यकृतावर घाला घालते. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील हॅचऱ्यांत रेनबो ट्राउटना यकृताच्या कर्करोगाची साथ आली, तिचे मूळ बुरशी लागलेल्या सरकीच्या पेंडीत सापडले. पीतकाचे प्रथिन जिथे बनते ते यकृतच पोखरलेले असेल, तर त्या मादीकडून कसल्या बीजाची अपेक्षा करायची? प्रजनक माशांची संख्या एकूण माशांच्या तुलनेत इतकी थोडी असते की त्यांच्यापुरते निवडक खाद्य ठेवल्याने समुद्रावर वा खर्चावर म्हणण्याजोगा भार पडत नाही.

सगळा दोष खाद्याच्या माथी मारण्याचा माझा हेतू नाही. पाण्याचे तापमान, दिवसाची लांबी, हाताळणीचा ताण, मादीचे वय यांचाही अंड्यावर परिणाम होतो. ट्राउटची सुटलेली अंडी पोटात जास्त दिवस राहिली तर ती नासतात, मग आहार कितीही उत्तम असो. एकाच कुळातले मासे पिढ्यान्पिढ्या वापरल्याने येणारा दुबळेपणा खाद्याने भरून निघत नाही. पण या बाकीच्या गोष्टी निदान चर्चेत तरी असतात.

मला जे मागायचे आहे ते फार मोठे नाही. मत्स्यबीज केंद्रांनी किती लाख जिरे निघाले एवढ्यावर न थांबता फलनाचे, उबवणीचे आणि पीतक संपल्यावर जिवंत राहिलेल्या पिल्लांचे प्रमाण मादीनिहाय लिहून ठेवावे, आणि त्याच वहीत आधीच्या सहा महिन्यांचे खाद्य, त्याची खेप व साठवणीचा काळ नोंदवावा. दोन-तीन मोसमांत ती वही स्वतःच बोलू लागते. खाद्य बनवणाऱ्यांनी प्रजनक माशांसाठी वेगळे खाद्य काढावे आणि पोत्यावर बनवल्याची तारीख ठळक छापावी. बीज विकत घेणाऱ्या शेतकऱ्याने भाव विचारण्याबरोबर माद्यांना काय घातले होते हेही विचारावे. हा प्रश्न शंभर जणांनी विचारला तर केंद्राला उत्तर तयार ठेवावे लागेल. या चौकशीचे फळ बीजापुरतेच नसते. कॅनरी बेटांवरील संशोधकांना सी-ब्रीममध्ये असे आढळले आहे की माद्यांच्या खाद्यात मासळीच्या तेलाऐवजी काही प्रमाणात जवसाचे तेल घातले, तर त्यांची पिल्ले पुढे वनस्पतिजन्य खाद्याचा अधिक चांगला उपयोग करून घेतात. म्हणजे आईच्या आहाराची छाप पिल्लाच्या पचनावर, ते मोठे झाल्यावरही, राहते.

आपल्या लेखमालेचा पुढचा भाग निघणार असेल, तर आपल्या प्रतिनिधीने एखाद्या मत्स्यबीज केंद्रात मोसमात न जाता मोसमाच्या चार महिने आधी जावे, आणि प्रजनक माशांच्या टाकीपाशी उभे राहून त्या दिवशी त्यांना काय घातले जाते ते पाहून लिहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली विनम्र,
मत्स्यबीज केंद्रातील एक तंत्रज्ञ